फायरवॉल घेतला, झोपा आता!

आपल्याकडे नेटवर्क सिक्युरिटी म्हणजे काय? एक महागडा फायरवॉल, ठरलेल्या महिन्यात होणारं ऑडिट आणि रिसेप्शनला फ्रेम करून टांगलेलं सर्टिफिकेट. झालं! मॅनेजर खूश, ऑडिटर खूश. आणि चोर? तो तर सगळ्यांत जास्त खूश.

मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं). भिंतीवर किती विसंबायचं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. डिसेंबर १५९५ मध्ये मुघलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तट दणकट, म्हणून त्यांनी खालून सुरुंग पेरले. चांदबिबीच्या माणसांना कुणकुण लागली आणि त्यांनी दोन सुरुंग निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये तिसरा उडालाच. तटाला खिंडार पडलं, ते तिने रातोरात बुजवून घेतलं. किल्ला वाचला, तहात वऱ्हाड मात्र गेलं.

गेम थिअरी दुसरं काय सांगते हो? हल्लेखोर म्हणजे पाऊस नव्हे, की छत्री घेतली आणि काम झालं. तो तुमची चाल बघून स्वतःची चाल ठरवतो.

पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोर मूळ बँकिंग सिस्टीमच्या वाटेला गेलेच नाहीत. कार्डाचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचला बगल देऊन त्यांनी खोटा स्विच उभा केला. तो येईल त्याला 'हो' म्हणत गेला आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर!

मग करायचं काय? लॉस एंजेलिस विमानतळावर श्वानपथकं मोजकी, टर्मिनल जास्त. २००७ मध्ये तिथे मिलिंद तांबे यांच्या टीमचं 'आर्मर' हे सॉफ्टवेअर आलं. तपासणी कधी, कुठे हे ते गेम थिअरीने ठरवायचं. नुसत्या चिठ्ठ्या टाकून नव्हे: मोलाच्या जागी जास्त वेळा, पण नेमकं कधी ते बघणाऱ्याला कळू नये असं.

आपल्या सर्व्हरना हेच का नको? लॉग कधीही तपासा, रविवारी पहाटेसुद्धा. ऑडिटची तारीख आधी सांगू नका. 'बजेट नाही' हे तर सांगूच नका, फासे टाकायला बजेट लागत नाही. लागते ती एक सवय: समोरच्याच्या खुर्चीत बसून विचार करायची.

तो तुमचं वेळापत्रक वाचतोय. तुम्ही त्याचं कधी वाचणार?