शैक्षणिक यंत्र-खेळणी आणि चरकाची कसोटी

खेळणे आणि शिक्षण ही आज एकाच वेष्टनातून विकली जातात. अमेरिकेतील लीपफ्रॉग कंपनीने २००३ साली ‘लीपस्टर’ नावाचे हातात धरावयाचे खेळयंत्र आणले. शाळेच्या उंबरठ्यावरील बालकाने पडद्यावर लेखणी टेकवीत अक्षरे, आकडे व आकार शिकावेत, हा त्यामागील हेतू होता. ते यंत्र आता मागे पडले, कल्पना मात्र राहिली. आमच्या कागलच्या गैबी पीराच्या उरुसात अक्षरे म्हणून दाखविणारा बॅटरीवरचा प्लॅस्टिकचा ‘लॅपटॉप’ मिळतो आणि घरी वडिलांच्या मोबाईलवर तसेच खेळ आयते असतात. “डॉक्टर, खेळता खेळता शिकतोय, मग देऊ ना?” हा पालकांचा प्रश्न वैद्यबंधु-भगिनींना नवा नाही. त्याचे उत्तर देताना आपल्या संहितांकडे वळावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराच्या वर्णनापाठोपाठ खेळण्यांचे गुण सांगितले आहेत. खेळणे रंगीबेरंगी, नाद करणारे व मन रमविणारे असावे. ते जड, टोकदार, तोंडात जाण्याजोगे, प्राणांस अपाय करणारे किंवा भय उपजविणारे नसावे. वाग्भटाने उत्तरस्थानात लाखेची, आकाराने मोठी, गाय, घोडा वा फळाच्या रूपाची खेळणी सांगितली आहेत. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे या वर्णनाच्या बरीच जवळ जातात. या गुणांच्या यादीत बुद्धी वाढविण्याचे आश्वासन कोठेही नाही. आचार्यांनी बालकाची सुरक्षितता आणि त्याचे रमणे एवढेच पाहिले.

ही कसोटी यंत्र-खेळण्यास लावू. अनेक स्वस्त खेळण्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात आणि त्यांचे झाकण पुष्कळदा नखानेही निघते. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या २ तासांत तेथे गंभीर दाह व व्रण होऊ शकतो. अशा बालकास वमन देऊ नये, मलावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये. क्ष-किरण व दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. ‘तोंडात जाण्याजोगे नसावे’ आणि ‘प्राणांस अपाय करणारे नसावे’ ही आचार्यांची दोन पथ्ये येथे एकत्र मोडतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले आहे; परंतु जत्रेतल्या गर्दीत ते पाहतो कोण?

दुसरा विचार इंद्रियांचा. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात अतितेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा रूपाचा अतियोग, तर डोळ्यांच्या अगदी जवळून पाहणे हा मिथ्यायोग म्हटला आहे. नाकाशी धरलेल्या लखलखत्या पडद्याच्या ठायी हे दोन्ही घडतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली हाच संयम सांगितला: दोन वर्षांखालील बालकास पडदा नको, २ ते ४ वर्षांच्या बालकास दिवसाकाठी १ तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी तितके उत्तम.

यंत्राची एक बाजू न्यायाने मांडलीच पाहिजे. लीपस्टरसारख्या यंत्रात घातलेल्या खेळापुरतेच जग असे. मोबाईलप्रमाणे एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे चित्र आपोआप पुढे येत नसे. मोठ्या माणसाने जवळ बसून थोडा वेळ खेळविल्यास अक्षरओळखीस त्याचे साहाय्य होऊ शकेल. परंतु बहुधा ते मूल गप्प बसावे, घास मुकाट्याने गिळावा म्हणून दिले जाते. अन्नाकडे लक्ष देऊन, तन्मनाने जेवावे हा आहारविधीचा नियम आपण प्रौढ रुग्णांस रोज सांगतो. तो बालकासही लागू आहे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. खेळांनी बुद्धी तल्लख होते, अशा अप्रमाणित जाहिरातींबद्दल ‘ल्युमोसिटी’ या कंपनीला अमेरिकेत २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्या फडताळांतील ‘स्मरणशक्तिवर्धक’ सरबतांच्या वेष्टनांवर याहून निराळे काय लिहिलेले असते? चरकाने मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली, ती प्रयोगविधीसह. परीक्षेआधी महिनाभर घ्यावयाची बाटली म्हणून नव्हेत. यंत्र विकणाऱ्याच्या दाव्यास पुरावा मागणाऱ्या वैद्याने आपल्या कपाटातील दाव्यासही तोच पुरावा मागावा. नाहीतर एका हाताने पडदा काढून दुसऱ्या हाताने बाटली द्यावयाची, एवढाच फरक उरेल.

शेवटी काही सूचना. बालरुग्णाच्या इतिवृत्तात मल, मूत्र, निद्रा यांच्याबरोबर ‘पडदा किती वेळ, जेवताना की झोपताना’ हा प्रश्न नित्य असावा. औषधविक्रेत्या बंधूंनी तापमापकाचे व ग्लुकोमीटरचे बटण-सेल मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावेत आणि विकताना गिऱ्हाइकास धोक्याचे दोन शब्द सांगावेत. निदान-परिवर्जन एकट्या आईकडून होत नाही, त्याला घराची व गावाची साथ लागते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठराव करून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या शाखांनी आपापल्या ग्रामपंचायतींपुढे व अंगणवाडीतील पालकसभांपुढे हा विषय मांडावा, आणि मांडण्यापूर्वी आपल्या घरी तो दीड तास पाळून पाहावा.