तोतरेपणाची ‘गॅरंटी’ देणाऱ्यापासून पोराला लांब ठेवा

सेल्सच्या नव्या बॅचचा व्हिडिओ टाकला की दोन-तीन फोन हमखास वेगळेच येतात. “सर, मुलगा आठवीत आहे, बोलताना अडकतो. पुढे दुकान त्यालाच बघायचंय. तुमच्याकडे बसवू का?” माझं उत्तर ठरलेलं: नका बसवू. मी गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते शिकवतो. तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नाही. मेंदू बोलणं जसं जुळवतो त्यातला तो फरक आहे, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला. स्टेज डेअरिंगच्या क्लासने तो जात नाही.

मग लोक जाहिरातीकडे वळतात. ‘पंधरा दिवसांत बोलणं मोकळं, गॅरंटीसह.’ अहो, तुम्ही दुकानदार आहात! गॅरंटी म्हटल्यावर बिल कोण देणार, बदलून कोण देणार, हे आपण पंख्यालासुद्धा विचारतो. इथे काय होतं, तर शब्द लांबवून हळू बोलायला शिकवतात. त्या खोलीत पोरगं झकास बोलतं, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. घरी येऊन फोन उचलला की परत तेच. आणि दोष कुणावर? “हा प्रॅक्टिसच करत नाही.” पैसे गेले ते गेलेच, वर पोरगं गप्प राहायला शिकतं. मला जास्त राग या दुसऱ्या नुकसानाचा येतो.

वेखंड उगाळणं, तोंडात गोटी ठेवून बोलायला लावणं, जिभेखालचा पडदा कापणं, यानेही तोतरेपणा जात नाही. स्पीच थेरपिस्टकडेच जा. बीएएसएलपी ही पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. पंचवटीने एकदा जाऊन नीट तपासणी करून घ्या, पुढचं आठवड्याचं काम नाशिकमध्ये चालेल.

मूल लहान असेल तर गोष्ट वेगळी. तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांत सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप थांबतो. पण कुणाचा थांबेल हे आधी सांगता येत नाही. सहा महिने झाले, घरात आणखी कुणी अडखळतं, बोलताना चेहरा ताणला जातो, तर ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत बसू नका. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकम्ब पद्धत आहे. त्यात काम आईबापच करतात, थेरपिस्ट शिकवतो. रोज थोडा वेळ गप्पा, मोकळं बोलल्यावर साधी शाबासकी, आणि दिवसाअखेर ० ते ९ मध्ये एक आकडा. आपला रोजमेळच की! रोज लिहिला तर महिन्याने कळतं, फरक पडतोय का.

मोठ्या मुलाचं अडकणं पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून थेरपिस्टला सरळ विचारा, “शाळेत आणि फोनवर तो किती बोलतो, हे तुम्ही कसं मोजणार?” याचं उत्तर नसेल तर दुसरा बघा. हृतिक रोशनने आपल्या तोतरेपणाबद्दल उघड सांगितलंय, ते पोराला ऐकवा.

आणि गल्ल्यावर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. “ए-ए-एकशे चाळीस” त्यालाच म्हणू द्या. गिऱ्हाईक पाच सेकंद थांबतं.