विश्लेषण : ‘सोलो’ स्कुबाचे प्रमाणपत्र बीडच्या धरणात उपयोगी पडेल का?

तारकर्ली किंवा अंदमानला जाऊन स्कुबा डायव्हिंग शिकणाऱ्यांमध्ये आता समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील तरुणही आहेत. मूलभूत प्रशिक्षण झाले की पुढचा टप्पा म्हणून एकट्याने पाण्याखाली जाण्याचे, म्हणजे ‘सोलो डायव्हर’ प्रमाणपत्र खुणावते. ते घेण्यासारखे आहे का? आणि बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे पाणी म्हणजे विहिरी, तलाव आणि धरणे, तिथे त्याचा उपयोग किती?

‘सोलो’ प्रमाणपत्र म्हणजे काय?

स्कुबाचा पहिला नियम जोडीने उतरण्याचा. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरवर दोघे वर येतात, एक अडकला तर दुसरा सोडवतो. सोलो अभ्यासक्रम हा आधार काढून घेतो आणि त्या जागी तयारी व जादा साधने देतो. ‘एसडीआय’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अभ्यासक्रम ‘सोलो डायव्हर’ नावाने ओळखला जातो. त्यासाठी वयाची अट २१ वर्षे. ‘पॅडी’चा अभ्यासक्रम ‘सेल्फ रिलायंट डायव्हर’, म्हणजे स्वावलंबी डायव्हर. तिथे अट १८ वर्षे. दोन्हींसाठी त्याआधी पुढच्या टप्प्याचे प्रशिक्षण आणि नोंदवहीत किमान १०० डाइव्ह लागतात.

ही १०० ची अट बीडच्या माणसाला सोपी नाही. पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावरील स्कुबा बंद असते. चार दिवसांच्या एका फेरीत साधारण १० डाइव्ह झाल्या असे धरले, तरी अशा १० फेऱ्या हव्यात. नोकरी किंवा शेती सांभाळून हे काही वर्षांचे काम आहे. प्रशिक्षकाने हात धरून मासे दाखवून आणलेली पर्यटकांची डाइव्ह म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे.

यात नेमके काय शिकवतात?

मुख्य धडा हवेच्या हिशेबाचा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला असतो, हा सर्रास आढळणारा गैरसमज. साध्या स्कुबात असते ती दाबून भरलेली नेहमीची हवा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर तिप्पट, म्हणजे ६० लिटर घेतो. कारण तिथला दाब तिप्पट असतो. म्हणजे कागदावर मिळतात ४० मिनिटे. घाबरून श्वास दुप्पट झाला की उरतात २०.

त्यामुळे एकट्या डायव्हरला स्वतंत्र रेग्युलेटर असलेला दुसरा छोटा सिलिंडर सोबत न्यावाच लागतो. ३ लिटरच्या अशा सिलिंडरमध्ये सुमारे ६०० लिटर हवा असते. २० मीटरवर मुख्य हवा बंद पडली, तर एक मिनिट सावरण्यात जाते, मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर येणे आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. धास्तावलेल्या श्वासाने याला सुमारे ५०० लिटर हवा लागते. म्हणजे हाती उरणारी शिल्लक फार थोडी. याशिवाय जादा मास्क, दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर, दोरी किंवा जाळे कापण्याचे साधन आणि पृष्ठभागावर खूण करणारा फुगा, हे सगळे बरोबर हवे आणि न पाहता वापरता यायला हवे.

मग ते घ्यावे का?

समुद्रात नियमित उतरणाऱ्याने जरूर घ्यावे. मात्र एकटे जाण्यासाठी नव्हे. बहुतेक डाइव्ह केंद्रे प्रमाणपत्र दाखवले तरी पर्यटकाला एकटे सोडत नाहीत. खरा फायदा जोडीने उतरतानाच होतो. बोटीवर ऐनवेळी जोडून दिलेला जोडीदार नवखा असू शकतो, फोटो काढता काढता दूर जाऊ शकतो. अशा वेळी स्वतःचा जीव स्वतः वाचवू शकणारा माणूस जोडीदारावर भार होत नाही. पाण्याखाली अचानक आलेली चक्कर किंवा हृदयविकाराचा झटका यांवर मात्र दुसऱ्या सिलिंडरचा उपाय चालत नाही. तिथे माणूसच लागतो.

माजलगावच्या धरणात वेगळे काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांच्या शोधासाठी कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातील एका जवानाचाही त्याच पाण्यात मृत्यू झाला. पथक सोबत असतानाही हे पाणी किती घातक ठरू शकते, हे त्या घटनेने जिल्ह्याला दाखवले.

धरणाच्या गढूळ पाण्यात काही फुटांखाली हातही दिसेनासा होतो. तळाशी गाळ, बुडालेली झाडे, दगडी बांध आणि मासेमारीची जाळी असतात. शिवाय माजलगावचे जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे. ३०० मीटरच्या वर डाइव्हची वेळ आणि खोली यांचे हिशेब बदलावे लागतात. निळ्या, स्वच्छ समुद्रात मिळवलेले सोलो प्रमाणपत्र यातल्या कशाचीही हमी देत नाही.

बुडालेल्याचा शोध घेणे ही वेगळीच विद्या आहे आणि तिचे नियम सोलोच्या अगदी उलट आहेत. पाण्यात उतरणारा डायव्हर दोरीने बांधलेला असतो. दोरीचे दुसरे टोक काठावरच्या किंवा बोटीतल्या साथीदाराच्या हातात असते आणि ओढीच्या खुणांनी दोघे बोलतात. दुसरा डायव्हर साधने चढवून तयार बसलेला असतो. सगळ्यावर देखरेख करणारा आणखी एक जण असतो. एक माणूस पाण्याखाली जातो तेव्हा किमान तिघे वर असतात.

जिल्ह्याला काय हवे?

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला, तर राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरेला. तिथून बीडला पोहोचायला काही तास लागतात. तोवर पाण्यात उतरतात ते गावातले पट्टीचे पोहणारे आणि मासेमारी करणारे भोई बांधव. धरणाचा तळ आणि जाळ्यांच्या जागा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक नसतात. त्यांना विमा, दोर, बोट आणि रीतसर प्रशिक्षण देऊन त्यांच्यासह तालुक्याचे पथक उभे करणे, हे एखाद्या हौशी तरुणाच्या सोलो प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

काठावर आक्रोश करणारे नातेवाईक असतात, गर्दी ‘कुणीतरी उतरा’ म्हणत असते. अशा वेळी स्कुबा शिकलेल्या तरुणाकडे सगळ्यांच्या नजरा वळणार. पण पाण्याखाली श्वास कोंडला की मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात. तासाभरानंतर चालतो तो बहुधा मृतदेहाचा शोध, आणि त्यासाठी दुसरा जीव पणाला लावायचा नाही, हा शोधपथकांचा पहिला दंडक आहे. सोलो प्रशिक्षणातही हेच बिंबवले जाते की तयारी अपुरी असेल तर डाइव्ह रद्द करायची. त्या तरुणाने प्रमाणपत्र खिशात ठेवून काठावरच थांबण्याचे ठरवले, तर त्याला भित्रा म्हणू नये. शिकलेले त्याने नीट वापरले, असेच समजावे.