इंजिन उघडण्यापूर्वी

मैत्रिणींनो, साताऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची चार-स्ट्रोक स्कूटर सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर ओढत नाही आणि किक अगदी हलकी लागते. मेकॅनिक म्हणतो, "कॉम्प्रेशन गेलंय ताई, इंजिन उघडावं लागेल. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं नवीन!" हे बदलीच्या गावी. मुलांची शाळा आणि स्वतःची नोकरी त्या स्कूटरवरच. "हो म्हणू की नको?" असे त्या विचारतात.

लगेच हो म्हणू नका. आधी दाब कुठून निसटतो ते दाखवायला सांगा.

कुकर वाफ धरेनासा झाला की आपण नवा कुकर आणतो का? आधी रबरी रिंग बघतो, मग शिट्टी. इंजिनाचेही तसेच आहे, बरं का. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनने घट्ट दाबले, तरच गाडीला जोर येतो. हा दाब बहुतेक तीनच वाटांनी निसटतो: पिस्टनच्या रिंगा, हेडचे गॅस्केट आणि व्हॉल्व्ह. मेकॅनिकने पहिलीच वाट धरली. ती बरोबर असेलही, पण सर्वांत खर्चाची तीच!

सुरुवात टॅपेटपासून करावी. व्हॉल्व्हच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवलेली असते. वापराने व्हॉल्व्हची बैठक झिजते, फट कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. फट जास्त झाली तर टकटक ऐकू येते. कमी झाली तर काहीच आवाज येत नाही. तेव्हा "आवाज नाही, म्हणजे टॅपेट ठीक" असे समजू नये. ही फट थंड इंजिनावर, फिलर गेजने मोजतात. म्हणून स्कूटर आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवावी.

एवढ्याने भागले नाही, तर पुढच्या तपासण्या समोर उभे राहून करून घ्याव्यात:

१. इंजिन गरम करून प्लग काढावा, त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावावे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून, काटा चढायचा थांबेपर्यंत किका माराव्यात. आलेला आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावा.

२. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चांगला चढला, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. जेमतेम हलला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा संशय घ्यावा.

३. खात्रीसाठी, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरावी आणि कान द्यावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. एअर फिल्टरच्या बाजूने आली, तर इनलेट. ऑइल भरण्याच्या तोंडातून आली, तर रिंगा.

व्हॉल्व्ह गळत असेल, तर हेड उतरवून तो घासून बसवतात. जळला असेल तर नवा घालतात. त्यासाठी बोअर करायचे कारण नाही. रिंगाच गेल्या असतील, तर मात्र खर्चाला इलाज नाही. पण तो निदान डोळ्यांदेखत पटलेला असेल.

मात्र "चालतेय ना, चालू दे" असेही करू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नसेल, तर तापलेल्या वायूने त्याची कड जळते आणि टॅपेटच्या किरकोळ कामाचे मोठे काम होऊन बसते.

शेवटी एक सांगते. काम झाल्यावर बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि गेजचा आधीचा व नंतरचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. यात संकोच कसला? भाजी निवडून घेतो, साडी उलगडून पाहतो. मग एवढ्या खर्चाचे इंजिन न बघताच उघडू द्यायचे होय?