पंपाचीही बातमी व्हावी

भारतीय विमानांच्या बातम्यांत दोनच विषय असतात: इंजिन आणि रडार. ‘ॲम्का’ या पाचव्या पिढीच्या लढाऊ विमानाला मार्च २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि इंजिन कोणाचे, यावर रणे माजली. त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ऊर्जा किती वाया जाणार, हे मात्र कोणी विचारले नाही. हायड्रॉलिक्स हे सुटलेले गणित आहे म्हणे!

हे गणित पाहा. पारंपरिक रचनेत इंजिनाला जोडलेला पंप उड्डाणभर फिरत राहून तेल ३,००० पीएसआय दाबाखाली ठेवतो. चाके उचलताना, फ्लॅप उघडताना प्रवाह भरपूर लागतो. समतल उड्डाणात तो फारच थोडा लागतो. पंप तेव्हा प्रवाह आखडता घेतो हे खरे, पण दाब तसाच राहतो आणि आतल्या फटींतून तेल पाझरत राहते. नियंत्रणपृष्ठावर भार हलका असला, तर उरलेला दाब सर्वो झडपेत खर्ची पडतो, त्याची निव्वळ उष्णता होते. नळ पूर्ण सोडून अंगठ्याने धार आवरावी, तसा हा कारभार!

एअरबसने ‘ए३८०’ मध्ये दाब ५,००० पीएसआयवर नेला. तेवढ्याच जोराला मग तीन पंचमांश प्रवाह पुरतो, नळ्या बारीक होतात, तेलही कमी लागते. ‘एफ-३५’ मध्ये तर मुख्य नियंत्रणपृष्ठांच्या ॲक्च्युएटरांपाशीच विजेची मोटर आणि छोटा पंप असतो. तो गरजेपुरताच फिरतो.

इंजिनाच्या शक्तीपुढे हे किलोवॉट किरकोळ, असा आक्षेप येईल. इंधनाच्या हिशेबात तो बराचसा मान्य. उष्णतेच्या हिशेबात मुळीच नाही. रडारपासून लपणाऱ्या विमानाला थंड हवेसाठी हवी तेवढी भोके पाडता येत नाहीत. उष्णता बरीचशी इंधनातच सोडावी लागते, आणि टाकी रिकामी होईल तशी ती सोसण्याची क्षमता घटते. विजेचा ॲक्च्युएटरही रामबाण नव्हे: वाहते तेल नसल्याने त्याची उष्णता जागीच साचते.

म्हणूनच ही निवड सवयीने होऊ नये. पहिला नमुना उडण्याआधी दोन्ही रचना जमिनीवरील चाचणी-सांगाड्यावर पूर्ण उड्डाणचक्रभर चालवाव्यात, गळती आणि तापमान मोजावे, आणि गोपनीयता सांभाळून जेवढे आकडे देता येतील तेवढे विमानविद्येच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.