कंदिलाची काच

तर झालं असं, की मागे एकदा स्वीडनच्या क्लायंटसोबत रात्रीचा कॉल चालू होता. बग काही सापडत नव्हता, पण त्याच्या पाठीमागच्या शेल्फवरच्या काचेच्या फुलदाण्या मात्र मस्त दिसत होत्या. विचारलं, तर गडी एकदम खूश! एक फुलदाणी उलटी करून त्याने बूड कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर कोरलेलं होतं: ओरेफॉर्स, मग डिझायनरची खूण, मग नंबर. १९५०च्या दशकातला माल म्हणे. ओरखडा पडला की किंमत पडते.

दिवाळीत आर्वीकडच्या गावी गेलो तेव्हा हे डोक्यात होतंच. आमच्या माळ्यावर आजीच्या माहेरचा प्रभाकर कंदील आहे. प्रभाकर म्हणजे कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काच कारखाना काढला आणि कंदिलाला वडिलांचं नाव दिलं. त्याआधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. म्हणजे बघा, काच करणं ही एकेकाळी आपल्याकडे देशभक्ती होती!

आणि आमच्या वर्ध्यात लोक त्याच्याही पुढे गेले. काच स्वदेशी, पण रॉकेल विकणार परदेशी कंपन्या, मग उपयोग काय? म्हणून कुमारप्पांच्या काळात मगनवाडीला 'मगन दीप' आला, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा. कंदिलावरून एवढा वाद घालणारा जिल्हा दुसरा नसेल :)

असो. सध्याचा वाद घरातला आहे. चुलतभाऊ नागपूरला हॉटेल काढतोय. त्याला टाकीला भोक पाडून आत एलईडी बसवायचा आहे. ते मी होऊ देणार नाहीच. पण मला जास्त राग येतो तो जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या पहिल्याच प्रश्नाचा: "काच ओरिजिनल आहे का?"

हाच प्रश्न मीही आजीला विचारला, मोठ्या शहाणपणाने.

"पहिली मीच फोडली," आजी म्हणाली. "हात लहान म्हनून काच पुसाचं काम मायाकडेच. राख लावून आतून फिरवता फिरवता तडकली. बाबानं काई म्हटलं नाई. पन भावाची परीक्षा होती, त्याले त्या रात्री वाचाले उजेड नोता." मग अंगठ्यावरचा वण दाखवला. इतकी वर्षं तो वण मी बघतोय, कधी विचारलं नव्हतं.

फुलदाणी शेल्फवर ठेवायलाच केलेली, तिथे ओरखड्याने किंमत कमी होत असेल. कंदिलाची काच मात्र रोज काढायची, पुसायची, कधीतरी फोडायची आणि बाजारातून दुसरी आणायची. जो कंदील खरोखर वापरला गेला, त्याची पहिली काच टिकेलच कशी? मला तर अजून पहिलीच काच मिरवणाऱ्या कंदिलाचा संशय येतो. तो कोणाच्या अभ्यासाला लागला होता की नाही, कोण जाणे.

आमच्या कंदिलावर आता तिसरी काच आहे. जरा ढिली बसते, हलवला की खुळखुळते. आजीचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलंय. चुलतभावाने तेव्हापासून फोन केलेला नाही.