पंक्चर काढणारे हात कुणाचे?

कुणाला चारचौघांत खाली बघायला लावायचं असेल तर हल्ली 'पंक्चरवाला' हा एक शब्द पुरतो. मुस्लिम तरुणांना तो उठताबसता ऐकावा लागतो. आपल्या पोरांना तो जरा वळसा घालून ऐकवतात : "आरक्षण नसतं तर पंक्चर काढत बसला असतास." बोलणाऱ्याला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. पंक्चर काढणं हलकं, ते काढणारा हलका आणि त्याचं पोरगंही त्याच टपरीवर शोभतं, हा सगळा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासूनच तयार असतो. तो तिथे कुणी भरून ठेवला, हे आपल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको.

आता रविवारी पहाटे साडेपाचला पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या चौकात उभे राहा. हेल्मेट, घट्ट जर्सी, मागे लुकलुकणारे लाल दिवे. रोड सायकलवाल्यांचे गट निघालेले असतात. कुणी सिंहगडाकडे, कुणी बोपदेव घाटाकडे, कुणी मुळशी-ताम्हिणीला. आमच्यातलेही काही जण गेली तीन-चार वर्षं या गटांबरोबर जातात. नोकऱ्या लागल्या, हातात चार पैसे आले, घाट चढण्याची नशा लागली. त्यात वाईट काही नाही. खेळ आपलाही आहे.

या मंडळींत बीआरएमला फार मान. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. चारही अंतरं एका वर्षात पुरी केली की 'सुपर रॅन्डोनर' हा किताब. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नसतो. पण नियम कडक : ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत आपल्या माणसांकडून मदत घ्यायची नाही. टायर फाटला, चेन तुटली तर तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे रात्री दोन वाजता खंबाटकी घाटात टॉर्च तोंडात धरून ज्यानं दोन पंक्चर काढली, तो दुसऱ्या दिवशी गटात हिरो असतो. काळ्या झालेल्या हातांचा फोटो टाकतो. खाली शंभर जण लिहितात, "मानलं बुवा!"

आम्हीही मानतो. थंडीत, अंधारात, थकलेल्या बोटांनी घट्ट टायर रिमवरून उतरवणं सोपं नाही. पण मग त्याच खंबाटकीच्या पायथ्याशी जो माणूस दिवसभर हेच करतो, त्याच्या कामाचं नाव शिवी कसं झालं?

काम तेच आहे. टायर खोलायचा, ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवत बुडबुडा शोधायचा, काचकागदानं ती जागा घासायची, सोल्युशन लावून क्षणभर सुकू द्यायचं, ठिगळ दाबायचं, आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा. हे शेवटचं हौशी माणूस हमखास विसरतो, आणि दहा किलोमीटरवर पुन्हा बसतो. टपरीवाला विसरत नाही. रिमचा आउट काढताना तो चाक फिरवतो, ब्रेकच्या रबराजवळ डोळा नेतो आणि नेमका कुठला स्पोक अर्धा फेरा आवळायचा ते ओळखतो. हेच काम काचेच्या दुकानात, स्टँडवर सायकल टांगून, परदेशी प्रमाणपत्र भिंतीवर लावून केलं की त्याला 'व्हील ट्रूइंग' म्हणतात आणि बिल मुकाट्यानं भरलं जातं. टपरीवर मात्र पंक्चरच्या चाळीस रुपयांवरून घासाघीस. लाख-दीड लाखाची सायकल भिंतीला टेकवून घासाघीस करणारे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

म्हणजे प्रश्न कामाचा नाही. तेच काम एकानं हौसेनं केलं तर कौशल्य, दुसऱ्यानं पोटासाठी केलं तर त्याची लायकी. जातिव्यवस्था कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. पंक्चरची शिवी हा त्याचा रस्त्यावरचा पुरावा.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमचा एक कार्यकर्ता अशाच एका गटाबरोबर गेला होता. आयटीत नोकरी, हप्त्यावर घेतलेली सायकल. वाटेत एका बाईंचं मागचं चाक बसलं. चौघे-पाच जण भोवती, कुणाला टायर निघेना. यानं प्लास्टिकच्या दोन लिव्हर लावून चार मिनिटांत ट्यूब बदलली. कौतुक झालं. कुणी विचारलं, कुठे शिकलास? यानं सरळ सांगितलं, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वस्तीच्या तोंडाशी. त्यावर एक गृहस्थ हसत म्हणाले, "मग बरोबर, रक्तातच आहे!" आणि पुढच्या तीन रविवारी कुणाचंही पंक्चर झालं की हाक याच्याच नावानं. चौथ्या रविवारी तो गेला नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यात काय बिघडलं, कौतुकच तर केलं. मग त्याच गटातल्या ज्या डॉक्टरांनी खंबाटकीत दोन पंक्चर काढली, त्यांच्या रक्तात काय आहे असं कुणी का विचारलं नाही? त्यांचं ते शिकलेलं, सरावाचं, जिद्दीचं. याचं रक्तातलं. वडिलांकडून शिकण्याला आम्ही शिकणंच म्हणतो. रक्त मध्ये आणलं की ती जात होते, मग बोलणारा कितीही हसत बोलो.

'खेळात जात कशाला आणता?' हा प्रश्न येणारच. तो विचारणाऱ्यांनी अमेरिकेचा इतिहास बघावा. तिथल्या सायकलस्वारांची मोठी संघटना होती, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन. सगळ्यांसाठी चांगले रस्ते हवेत म्हणून तिनं देशभर मोहीम चालवली. त्याच संघटनेनं १८९४ साली घटनेत दुरुस्ती करून काळ्या माणसांना सभासदत्व बंद केलं. रस्ते सगळ्यांसाठी, संघटना मात्र गोऱ्यांची! मेजर टेलर हा काळा मुलगा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. इंडियानापोलिसच्या सायकल दुकानात झाडलोट करायचा, गिऱ्हाईक जमावं म्हणून दुकानापुढे कसरती दाखवायचा. पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, मॉन्ट्रियलला तो जगज्जेता झाला. शर्यतींत त्याला कोंडीत पकडायचे, ढकलायचे, गावोगावी हॉटेलात खोली मिळायची नाही. १९३२ साली शिकागोत तो गरिबांच्या वॉर्डात मेला. ती बंदी संघटनेनं औपचारिकपणे मागे घेतली १९९९ साली. सायकलला रंग कळत नाही हे खरं. सायकलवाल्यांना चांगला कळत होता.

आपल्याकडे घटनेत असं काही लिहावं लागत नाही. आडनाव विचारलं की भागतं.

दूर कशाला, सहाच वर्षांपूर्वीचं बघा. मे २०२०, टाळेबंदी. पंधरा वर्षांची ज्योती कुमारी जखमी वडिलांना जुन्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून हरियाणातल्या गुरुग्रामहून बिहारच्या दरभंगा जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचली. सुमारे १२०० किलोमीटर, आठवडाभरात. घर पासवान, म्हणजे दलित. वडील ई-रिक्षा चालवणारे, हाती पैसे उरले नव्हते. योगायोग बघा, रॅन्डोनरांची पंढरी असलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं अंतरही १२०० किलोमीटरच आहे. नव्वद तासांची मुदत, वाटेत जेवण, झोपण्याची सोय, आणि घरी परतल्यावर सत्कार. ज्योतीला थांबे नव्हते, सोय नव्हती, घरमालकाचा तगादा होता. आणि बातमी फुटल्यावर काय झालं? सायकलिंग फेडरेशननं चाचणीला बोलावलं. थेट अमेरिकेतून इव्हान्का ट्रम्पनं तिच्या सहनशक्तीचं गुणगान केलं. मजुराच्या पोरीला शेकडो कोस सायकल का हाणावी लागली, हा सरकारला विचारायचा प्रश्न क्रीडाकौतुकात बुडवून टाकला. हौसेच्या सायकलीचा चष्मा लावला की असं होतं : उपासमारीतही 'एन्ड्युरन्स' दिसायला लागतो.

आता आपल्या घरातलं. सायकल म्हटलं की आपल्या आधीच्या पिढीचं तोंड कडू होतं, आणि ते समजून घेतलं पाहिजे. त्यांच्यासाठी सायकल म्हणजे कारखान्याचा भोंगा, कॅरिअरला डबा, पावसात भिजलेली पाठ. गावाकडे तर वरच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून ती हातात धरून चालावी लागली, अशी माणसं आजही हयात आहेत. त्यांनी पोटाला चिमटा काढून पोराला मोटरसायकल घेऊन दिली, ती प्रतिष्ठेची खूण म्हणून. तोच पोरगा लाखभर रुपये घालून पुन्हा सायकल आणतो तेव्हा बाप डोक्याला हात लावतो. त्याची समजूत पर्यावरणाच्या व्याख्यानानं पटत नाही. ज्यांच्या दारात दोन मोटारी उभ्या आहेत, त्यांना सायकलचं साधेपण परवडतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पंक्चर काढण्याचं काम थोर आहे असं गौरवगीत आम्हाला गायचं नाही. भंगीकाम ही मोठी सेवा आहे असं सांगून माणसांना त्याच कामात ठेवणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी घेतलाच आहे. टपरीवाल्याच्या मुलीला इंजिनिअर व्हायचं असेल तर तिनं व्हावं, आणि पाना हातात धरायची तिला अजिबात हौस नसेल तर तीही नसू दे. आमचं म्हणणं एवढंच की ती इंजिनिअर झाली म्हणून तिच्या बापाचं काम लाजेचं होत नाही. आणि आपल्याच कार्यकर्त्यांनी भांडणात समोरच्याला 'पंक्चरछाप' म्हणणं आजपासून बंद करावं. ते आम्ही आपल्या गटांमध्येही ऐकलंय.

दुसरा आजार सामानाचा. रोड सायकलच्या गिअरसेटची एक उतरंड आहे : तळाला क्लॅरिस, मग सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, आणि शिखरावर ड्युरा-एस. नवा माणूस आला की आधी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, मागच्या डिरेलरकडे बघतात. श्रेणीबद्ध विषमतेत वाढलेल्या समाजाला ही शिडी फार लवकर कळते! फरक एवढाच की ही उतरंड पैसे टाकून चढता येते. आपली काही पोरं हप्ते काढून ती चढतायत, जणू कार्बनची फ्रेम घेतली की आडनाव पुसलं जाईल. पुसलं जात नाही. वर ज्याची गोष्ट सांगितली त्याच्या सायकलला १०५ होता. घाट सोरावरही तोच आणि तेवढाच उंच आहे. चेन वेळेवर पुसून तेल दिलं, ती ताणली की बदलली, टायरमध्ये हवा नीट ठेवली, तर स्वस्त सायकलही वर्षानुवर्षं साथ देते.

चळवळ सायकलवर चाललेली आहे हेही नव्या मुलांना माहीत नसतं. याच पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारे कांशीराम, बुद्ध आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्यांसाठी लढणाऱ्या दीनाभानांच्या मागे उभे राहिले आणि तिथून त्यांचा रस्ता बदलला. पुढे १९८३ साली डीएस-४ नं दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतून सायकल यात्रा काढली. साध्या काळ्या सायकली, गावोगाव सभा. (निवडणुकीत सायकल हे चिन्ह पुढे भलत्याच पक्षाकडे गेलं, तो भाग निराळा.) तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या. टोमणे खूप मारले गेले. बायका चालवत राहिल्या.

तेव्हा गट सोडून घरी बसलेल्या आमच्या त्या कार्यकर्त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना आमचं सांगणं आहे की घरी बसू नका. त्या गटांत जायचं असेल तर जा, पण फुकटचे मेकॅनिक होऊ नका. 'रक्तात' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. आणि आपल्या वस्तीतून आपली राइड सुरू करा.

आम्ही सुरुवात करतोय. येत्या १९ मार्चला सकाळी पुण्याहून निघून कापूरहोळमार्गे भोर, साधारण पन्नास किलोमीटर, तिथे मुक्काम. २० मार्चला वरंध घाट उतरून महाड, चवदार तळं. १९२७ मध्ये याच दोन तारखांना आपली माणसं तिथे जमली होती. सायकल कुठलीही चालेल, बिनगिअरचीसुद्धा. चढावर उतरून ढकललीत तरी कुणी हसणार नाही. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा सक्तीचा. एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पंप जवळ हवा.

त्याआधीच्या रविवारी दुरुस्तीचा वर्ग. शिकवणार त्या कार्यकर्त्याचे वडील. त्या दिवशी त्यांचं दुकान बंद राहणार, म्हणून दिवसाची कमाई आणि वर मानधन आपण वर्गणीतून द्यायचं आहे. प्रत्येकी शंभर रुपये. मुलींनी यावं, आणि मागे उभं राहून बघू नये, पाना हातात घ्यावा. वरंधचा उतार लांब आणि वळणांचा आहे, त्यामुळे ब्रेकचे रबर झिजले असतील तर ते वर्गाला येतानाच नवे घेऊन या.

जय भीम.